वीज पोहोचत नाही की चित्र उमटत नाही? पॉवर आणि डिस्प्लेचे दोष क्रमाने कसे शोधावेत

लॅपटॉप, मॉनिटर, टीव्ही किंवा मोबाइल ‘चालू होत नाही’ अशी तक्रार आपण करतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन निरनिराळे दोष दडलेले असू शकतात. उपकरणाला वीजच मिळत नसेल, हा पहिला. वीज मिळते पण आतील मुख्य सर्किट कामाला लागत नाही, हा दुसरा. आणि उपकरण आतून व्यवस्थित सुरू आहे, केवळ स्क्रीनवर चित्र येत नाही, हा तिसरा. तिन्ही वेळा समोर दिसते ती काळी स्क्रीनच. मात्र तिन्हींचे उपाय आणि खर्च यांत फार मोठा फरक असतो. दोष यांपैकी कोणत्या गटातला आहे हे ठरवण्याआधीच सुटा भाग विकत घेणे, ही दुरुस्तीतील सर्वांत महागडी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे या लेखातील सगळा क्रम याच एका प्रश्नाभोवती रचलेला आहे: वीज कुठपर्यंत येते आणि चित्र कुठे अडते?

हात लावण्यापूर्वी

टीव्ही, मॉनिटर, संगणकाचा पॉवर सप्लाय आणि लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर यांच्या आत घरातील वीज थेट येते. २३० व्होल्टचा एसी पुरवठा रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या भागातून) गेल्यावर मुख्य कपॅसिटरवर (विद्युतभार साठवणाऱ्या भागावर) सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असेल तर हा आकडा ४०० व्होल्टच्या आसपास जातो. प्लग काढल्यानंतरही हा विद्युतभार काही काळ टिकू शकतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून ज्यांना या कामाचे प्रशिक्षण नाही त्यांनी अशी आवरणे उघडू नयेत. पुढे सांगितलेल्या बहुतेक चाचण्या बाहेरूनच करता येतात. जिथे आवरण उघडावे लागते तिथे मी तसे स्पष्ट म्हटले आहे.

दुसरा धोका बॅटरीचा. लॅपटॉपचा टचपॅड वर उचलला गेला असेल, मोबाइलची स्क्रीन किंवा मागचे झाकण एका कडेने सुटू लागले असेल, किंवा सपाट टेबलावर ठेवलेले उपकरण डुगडुगत असेल, तर लिथियम बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. असे उपकरण चार्जिंगला लावू नये, सुटलेले झाकण दाबून बसवू नये आणि बॅटरी टोकदार वस्तूने उचकटू नये. उपकरण बंद करून ज्वलनशील वस्तूंपासून दूर ठेवावे आणि थेट तंत्रज्ञाकडे न्यावे. इतर कोणतीही चाचणी त्यानंतरची.

पहिले निदान: पाहणे आणि ऐकणे

पॉवरचे बटण दाबल्यावर पहिल्या दहा-पंधरा सेकंदांत नेमके काय घडते, याचे निरीक्षण करावे आणि ते कागदावर लिहून ठेवावे. दिवा लागतो का, तो स्थिर आहे की लुकलुकतो, लुकलुकत असेल तर किती वेळा लुकलुकून थांबतो, पंखा फिरतो का, बीप ऐकू येतो का, या गोष्टी तेव्हा क्षुल्लक वाटतात. परंतु अनेक टीव्ही आणि लॅपटॉप आपला दोष दिव्याच्या लुकलुकण्यातून किंवा बीपच्या संख्येतूनच सांगत असतात आणि त्या संकेतांचा अर्थ त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला असतो.

त्यानंतर स्क्रीनविना उपकरण जिवंत आहे का, हे तपासावे. लॅपटॉपच्या किंवा संगणकाच्या कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबल्यावर त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिम प्रतिसाद देत आहेत आणि दोष डिस्प्लेच्या बाजूला आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. मोबाइलवर दुसऱ्या फोनवरून कॉल करावा. रिंग किंवा कंपन आले तर मदरबोर्ड आणि बॅटरी ठीक आहेत. टीव्हीमध्ये आवाज येतो का, रिमोटने आवाज कमी-जास्त होतो का, हे पाहावे. यांपैकी काहीच होत नसेल तर पॉवरचा मार्ग तपासावा. काही होत असेल तर तो भाग सोडून थेट डिस्प्लेकडे वळावे.

विजेचा मार्ग, भिंतीपासून बोर्डापर्यंत

सॉकेटपासून सुरुवात करावी. त्याच सॉकेटमध्ये दुसरे एखादे उपकरण लावून पाहावे आणि संशयित उपकरण एक्स्टेन्शन बोर्ड, सर्ज प्रोटेक्टर किंवा यूपीएस मधून न देता थेट भिंतीतील सॉकेटला जोडावे. पॉवर कॉर्ड अ‍ॅडॉप्टरपासून वेगळी होत असेल तर ती बदलून पाहावी, कारण तिचे टोक सैल होणे हा फार सामान्य आणि फार दुर्लक्षित दोष आहे.

आता अ‍ॅडॉप्टर. गोल जॅक असलेल्या लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरवर त्याचे आउटपुट व्होल्टेज छापलेले असते; बहुधा ते १९ किंवा १९.५ व्होल्ट असते. मल्टिमीटर (व्होल्टेज मोजण्याचे उपकरण) डीसी व्होल्टवर ठेवून जॅकच्या आतील आणि बाहेरील धातूमध्ये मोजल्यास छापील आकड्याच्या जवळचे मूल्य मिळायला हवे. शून्य मिळाले तर अ‍ॅडॉप्टर निकामी आहे किंवा वायर आतून तुटली आहे. आकडा बरोबर मिळाला तरी अ‍ॅडॉप्टर निर्दोष ठरत नाही, कारण मल्टिमीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. कमकुवत अ‍ॅडॉप्टर भाराशिवाय पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि लॅपटॉप जोडताच कोसळतो. मोजताना मल्टिमीटरची दोन टोके एकमेकांना लागू देऊ नयेत. काही अ‍ॅडॉप्टरच्या जॅकमध्ये मधोमध एक बारीक पिन असते आणि तिच्यावरून लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरची ओळख पटवतो. ही पिन वाकली किंवा तिची वायर तुटली, तर लॅपटॉप चालतो पण बॅटरी चार्ज होत नाही, आणि अनेकजण अशा वेळी विनाकारण बॅटरी बदलतात.

अ‍ॅडॉप्टरवर दिवा असेल तर एक साधी परंतु अत्यंत बोलकी चाचणी करता येते. अ‍ॅडॉप्टर सॉकेटला लावून, लॅपटॉपला न जोडता दिवा पाहावा. दिवा लागलेला आहे आणि जॅक लॅपटॉपमध्ये घालताच तो विझतो किंवा लुकलुकू लागतो, असे झाले तर बहुतेक वेळा लॅपटॉपच्या आत शॉर्ट सर्किट आहे आणि अ‍ॅडॉप्टरचे संरक्षक सर्किट पुरवठा तोडत आहे. तसाच दुसरा अ‍ॅडॉप्टर लावूनही हेच घडले तर शंका उरत नाही, आणि काम मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्याचे आहे हे नक्की होते.

यूएसबी-सी चार्जरची गोष्ट वेगळी आहे आणि इथे अनुभवी माणसाचीही फसगत होऊ शकते. यूएसबी-सी पोर्ट समोर उपकरण जोडल्याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही. त्यामुळे मोकळ्या चार्जरच्या टोकावर मल्टिमीटरने शून्य व्होल्ट दिसले तर तो दोष नव्हे. जोडणी झाल्यावर आधी ५ व्होल्ट मिळतात, आणि मग चार्जर आणि उपकरण आपसात ठरवून ९, १५ किंवा २० व्होल्टपर्यंत जातात. नव्या मानकात ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंतची सोय आहे. ही बोलणी फसली तर लॅपटॉपला फक्त ५ व्होल्ट मिळत राहतात आणि तो ‘हळू चार्जिंग’ असा संदेश दाखवतो किंवा चार्जच होत नाही. केबलचाही यात मोठा वाटा असतो. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअर, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅट वाहून नेते. त्याहून जास्त शक्तीसाठी ५ अँपिअरची, आत ओळख-चिप असलेली केबल लागते. म्हणूनच १०० वॅटचा चार्जर असूनही लॅपटॉपची बॅटरी वापरात उतरत जात असेल, तर चार्जरच्या आधी केबल बदलून पाहावी.

चार्जिंग पोर्ट टॉर्चच्या उजेडात पाहावा. खिशातून फिरणाऱ्या मोबाइलच्या पोर्टमध्ये कापडाचे तंतू आणि धूळ दाबली जाऊन तळाशी घट्ट थर बसतो. केबल वरवर बसल्यासारखी वाटते, पण पूर्ण आत जात नाही. नव्या केबलचे टोक पोर्टबाहेर थोडे जास्त दिसत असेल तर हीच शक्यता मोठी. उपकरण बंद करून लाकडी टूथपिकने हा थर हलकेच कडेने सोडवावा, धातूची सुई वापरू नये. मोबाइलला वायरलेस चार्जिंगची सोय असेल तर ती वापरून पाहावी: तिथे चार्ज होतो आणि केबलने होत नाही, म्हणजे दोष पोर्टमध्ये किंवा त्याच्या छोट्या बोर्डमध्ये आहे.

बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडलेला मोबाइल चार्जरला लावताच जागा होईल अशी अपेक्षा ठेवू नये. पूर्ण चार्ज झालेल्या लिथियम-आयन सेलचे व्होल्टेज साधारण ४.२ असते, ते फार खाली गेल्यावर चार्जिंग सर्किट अगदी कमी करंटने सुरुवात करते आणि तोपर्यंत स्क्रीनवर काहीही दिसत नाही. चांगल्या चार्जरवर किमान अर्धा-एक तास ठेवून मग सक्तीचा रीस्टार्ट करावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी पॉवर आणि आवाज कमी करण्याचे बटण एकत्र दाबून धरावे लागते. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलमध्ये आवाज वाढवण्याचे बटण दाबून सोडावे, मग आवाज कमी करण्याचे दाबून सोडावे, आणि शेवटी बाजूचे बटण चिन्ह दिसेपर्यंत धरून ठेवावे.

लॅपटॉपला वीज मिळते पण तो सुरू होत नाही, अशा वेळी आतील उरलासुरला विद्युतभार काढून टाकणे हा पहिला उपाय आहे. अ‍ॅडॉप्टर काढावा, बाहेर निघणारी बॅटरी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण सुमारे ३० सेकंद दाबून धरावे. मग फक्त अ‍ॅडॉप्टर जोडून सुरू करून पाहावे. पॉवर सांभाळणारी छोटी चिप कधीकधी चुकीच्या अवस्थेत अडकते आणि पूर्ण वीज गेल्याशिवाय ती भानावर येत नाही, म्हणून हा उपाय लागू पडतो. बॅटरी आतच बसवलेल्या काही मॉडेलना यासाठी तळाशी टाचणीच्या आकाराचे छिद्र दिलेले असते.

डेस्कटॉप संगणक असेल तर

डेस्कटॉपमध्ये भाग सुटे असल्यामुळे निदान अधिक निश्चित होते, पण इथे कॅबिनेट उघडावे लागते. पॉवर सप्लायचा मागचा स्विच चालू आहे ना, हे आधी पाहावे. मग वीज बंद करून मदरबोर्डचा २४ पिनचा मोठा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा कनेक्टर काढून घट्ट बसवावेत. दुसरा कनेक्टर बसवायचा राहिला तर पंखे फिरतात आणि स्क्रीन मात्र काळी राहते. पॉवर सप्लायचे व्होल्टेज मोजता येत असेल तर १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या वायरवर ४.७५ ते ५.२५ ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. जांभळ्या वायरवर संगणक बंद असतानाही ५ व्होल्ट असायला हवेत. ते नसतील तर बटण कितीही दाबले तरी उपयोग नाही.

पंखे फिरतात पण चित्र नाही, अशा वेळी संशयाचा पहिला मानकरी रॅम असतो. सगळ्या रॅमपट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी संपर्क कोरड्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसून, एकच पट्टी लावून सुरू करावे. मग दुसरी पट्टी, मग दुसरा स्लॉट, असे एका वेळी एकच बदल करत जावे. दोन बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला हे कधीच कळत नाही. नव्या डीडीआर ५ रॅमच्या बाबतीत मात्र धीर धरावा. पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमची जुळवणी करतो आणि त्यात काही मिनिटे काळी स्क्रीन दिसणे स्वाभाविक आहे. त्याने फरक पडला नाही तर मदरबोर्डवरील ३ व्होल्टची नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी, वीज पूर्ण तोडून, काही मिनिटांसाठी काढून ठेवल्यास सेटिंग मूळपदावर येतात.

आणखी एक गोष्ट सगळ्यांआधी पाहण्यासारखी आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असणे, हे काळ्या स्क्रीनचे अगदी नेहमीचे कारण आहे. केबल आडव्या रांगेतील कार्डच्या पोर्टला जोडावी.

डिस्प्लेचा माग

उपकरण जिवंत आहे हे ठरल्यावर चित्राचा मार्ग तपासायचा. बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही असेल तर योग्य इनपुट निवडलेले आहे का आणि केबल दोन्ही टोकांना घट्ट आहे का हे पाहून, केबल बदलावी. एचडीएमआय जोडणीत दोन्ही उपकरणे आधी एकमेकांची क्षमता वाचतात. ही ओळख अर्धवट राहिली तर दोन्ही बाजूंची वीज काढून, आधी मॉनिटर आणि मग संगणक सुरू केल्याने बऱ्याचदा काम होते. डिस्प्लेपोर्टच्या काही निकृष्ट केबलमध्ये २० क्रमांकाची पिन दोन्ही टोकांना जोडलेली असते, जी प्रमाणित केबलमध्ये जोडायची नसते. तिच्यातून मॉनिटरची ३.३ व्होल्ट वीज संगणकात शिरते आणि संगणक सुरू होण्यातच अडथळा येतो. म्हणजे दोष पॉवरचा वाटतो आणि कारण चित्राच्या केबलमध्ये असते.

लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन काळी असेल तर त्याला बाहेरचा मॉनिटर जोडावा. विंडोजमध्ये विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून चित्र कुठे पाठवायचे ते बदलता येते, आणि विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी ही चार बटणे एकत्र दाबल्यास ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. बाहेरच्या मॉनिटरवर चित्र स्वच्छ आले तर दोष पॅनेल (चित्र उमटवणारी काच), त्याची केबल किंवा बॅकलाइट (पॅनेलमागचा प्रकाश) यांत आहे. झाकण हळूहळू उघड-बंद करताना चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी केबल झिजलेली आहे, आणि ती पॅनेलच्या तुलनेत स्वस्त असते.

एक छोटी गोष्ट इथे विसरू नये. झाकण बंद झाल्याचे लॅपटॉपला चुंबक आणि सेन्सर यांच्यामुळे कळते. चुंबकीय पट्ट्याचे घड्याळ किंवा चुंबक असलेले मोबाइल कव्हर कीबोर्डच्या कडेला ठेवल्याने स्क्रीन अचानक बंद पडू शकते. तपासणीआधी आसपासच्या अशा वस्तू दूर कराव्यात.

आता टॉर्चची चाचणी. खोली अंधारी करावी, उपकरण चालू ठेवावे आणि टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ तिरपा धरून हळूहळू फिरवावा. चित्राची फिकट सावली, एखादे आयकॉन किंवा अक्षरे दिसली, तर पॅनेल चित्र तयार करत आहे आणि फक्त मागचा प्रकाश गेला आहे. टीव्हीमध्ये बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या एकामागोमाग एक अशा जोडणीत असतात, त्यामुळे एका एलईडीतली जोडणी तुटली तरी ती सगळी मालिका विझते आणि संरक्षक सर्किट उरलेलाही पुरवठा तोडते. टीव्ही सुरू करताच एक-दोन सेकंद उजेड येऊन स्क्रीन काळी होते आणि आवाज मात्र चालू राहतो, हे त्याचे नेमके लक्षण आहे. संपूर्ण पॅनेल न बदलता पट्ट्या बदलून टीव्ही वाचू शकतो, आणि बॅकलाइट कायम कमाल पातळीवर न ठेवल्यास या पट्ट्या जास्त टिकतात, कारण त्यांचे आयुष्य उष्णतेने कमी होते. ओएलईडी स्क्रीनला बॅकलाइट नसतो, त्यामुळे तिथे ही चाचणी निरुपयोगी आहे.

रेषा, डाग किंवा रंगांचा गोंधळ दिसत असेल तर स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या उपकरणावर पाहावा. दोष स्क्रीनशॉटमध्येही दिसतो, म्हणजे तो ग्राफिक्स चिप, ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअरमध्ये आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर पॅनेल किंवा त्याची केबल दोषी आहे. मला ही चाचणी सर्वांत उपयुक्त वाटते, कारण तिला एकही अवजार लागत नाही. विंडोजमध्ये सगळी स्क्रीन थरथरत असेल तर टास्क मॅनेजर उघडावा: तोही थरथरला तर बहुधा ड्रायव्हर, आणि तो स्थिर राहिला तर एखादे अ‍ॅप कारणीभूत असते. बायोसच्या (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या सेटिंगच्या) स्क्रीनवरही थरथर कायम असेल तर सॉफ्टवेअरवर वेळ घालवू नये. एकाच जागी स्थिर असलेली उभी रेषा बहुतेक वेळा पॅनेलच्या कडेच्या जोडणीतला दोष असतो. टीव्हीत अर्धी स्क्रीन काळी किंवा फिकट होणे हा टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्राचे संकेत पुरवणारे सर्किट), त्याच्या रिबन केबल किंवा पॅनेल यांच्याकडे बोट दाखवतो.

कधी चालते, कधी बंद पडते

ये-जा करणारा दोष शोधण्यास सर्वांत कठीण असतो, आणि त्याचा धागा बहुधा तापमानात सापडतो. काही मिनिटे चालून बंद पडणारा लॅपटॉप बहुधा पंख्यातील धुळीमुळे तापतो. थंड असताना सुरू व्हायला वेळ घेणारा आणि एकदा तापल्यावर नीट चालणारा मॉनिटर मात्र बहुधा कपॅसिटर थकल्याचे सांगतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंश सेल्सिअस वाढल्यास साधारण निम्मे होते, आणि उघडलेल्या बोर्डावर त्याचे सपाट डोके फुगलेले किंवा फाटलेले दिसते. डोके सपाट असले तरी तो निर्दोष असेलच असे नाही.

मोबाइल २०-३० टक्के बॅटरी दाखवत असताना, विशेषतः थंडीत किंवा कॅमेरा उघडताच, बंद पडत असेल तर जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला आहे. एकदम जास्त करंट मागितल्यावर तिचे व्होल्टेज खाली बसते. इथे सॉफ्टवेअर पुन्हा टाकून उपयोग नाही, बॅटरी बदलावी लागते.

पाणी शिरलेले उपकरण हा अपवाद आहे, कारण तिथे चाचणीच नुकसान करते. ते सुरू करून पाहू नये, चार्जरला लावू नये आणि तांदळात ठेवून दिवस घालवू नयेत. आतील क्षार आणि गंज तांदळाने निघत नाहीत. ते लगेच बंद करून, उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करणाऱ्याकडे लवकरात लवकर पोहोचवावे.

दुरुस्तीला देताना

तंत्रज्ञाला ‘बंद आहे’ एवढेच सांगण्याऐवजी केलेल्या चाचण्या आणि त्यांचे निकाल सांगावेत: अ‍ॅडॉप्टरचे मोजलेले व्होल्टेज, दिव्याचा संकेत, बाहेरच्या मॉनिटरवर चित्र येते की नाही, टॉर्चमध्ये काय दिसले. पॅनेल बदलण्याचा खर्च अनेकदा उपकरणाच्या किमतीच्या मोठ्या हिश्शाएवढा होतो, म्हणून केबल आणि बॅकलाइट तपासल्याशिवाय पॅनेलला होकार देऊ नये.

त्याआधी माहिती सुरक्षित करावी. स्क्रीन गेलेल्या लॅपटॉपमधील फायली बाहेरचा मॉनिटर जोडून उतरवता येतात. मोबाइलचे चित्र दिसते पण स्पर्श चालत नाही, अशा वेळी यूएसबी अ‍ॅडॉप्टरमधून माऊस जोडल्यास बहुतेक अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि लॉक उघडता येतो. चित्रही दिसत नसेल तर फोनचा पोर्ट चित्र बाहेर पाठवू शकतो का ते पाहून, हबमधून मॉनिटर आणि माऊस दोन्ही जोडावेत. उपकरण पूर्ण मृत असेल तर लॅपटॉपची सुटी एसएसडी काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते, मात्र डिस्क एन्क्रिप्ट केलेली (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असल्यास ती उघडणारी रिकव्हरी की आधी शोधून हाताशी ठेवावी.